ठोकळ्यांचा बैल आणि वाटीभर लोणी

माझे भाऊजी गुणवंता बोडखे यांची ही हकीकत ऐकून तुम्ही हसाल, आणि हसायलाच पाहिजे. मीही हसलो आहे, आधी त्यांच्या पाठीमागे आणि मग तोंडावर. माणूस तसा वाईट नाही. सौंसरच्या बसस्टँडमागे त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. कपाशीवर फवारणी सुरू झाली की पाठीवर पंप घेतलेल्या माणसांची तिथे रांग लागते. भाऊजी पंप कानाशी धरून एकदा हलवतात, "वायसर गेलं" म्हणतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, चार माणसांत मान. माझी धाकटी बहीण उर्मिला त्यांना द्यायची ठरली तेव्हा पांढुर्ण्याहून मी स्वतः येऊन सगळी चौकशी करून गेलो होतो. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखू जेमतेम. माणूस प्लास्टिकचे ठोकळे खेळतो का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी ते वायसर आणायला नागपूरला इतवारीत गेले होते. तिथे खेळण्यांच्या गल्लीत एका दुकानापुढे ठोकळ्यांचा ढीग दिसला. लहान मुलं एकमेकांत बसवून घरं आणि गाड्या करतात ना, तेच रंगीत ठोकळे, डोक्यावर बारीक बटणं असलेले. डब्यातले नव्हेत, सुटे, किलोवर. किलोवर मिळणारी वस्तू पाहिली की आमच्याकडच्या माणसाचा हात आपोआप पिशवीकडे जातो. भाऊजींकडे पिशवी नव्हती म्हणून त्यांनी पोतं घेतलं. वायसर मात्र विसरले.

"काय आणलं एवढं?" उर्मिलेनं दारातच विचारलं.

"खेळणे होय. नातवासाठी घेऊन ठेवले."

उर्मिलेच्या हातातली परात हातातच राहिली. त्यांना एकच पोरगी, डिंपल. ती छिंदवाड्याला नर्सिंग शिकते आणि तिच्या लग्नाचा अजून विषयही नाही.

"कोणाच्या नातवासाठी?" उर्मिला म्हणाली. "पोरीनं मले नाही सांगतलं असं तुमाले काय सांगतलं?"

त्या संध्याकाळी डिंपलला फोनवर इतक्या शपथा घ्याव्या लागल्या की तिच्या होस्टेलातल्या मुली भोवती जमा झाल्या. शेवटी भाऊजींनी कबूल केलं की नातू वगैरे काही नाही, ठोकळे आपल्यालाच पाहिजे होते. माझी बहीण म्हणते, नातवाचं खरं निघालं असतं तरी एवढा धक्का बसला नसता.

तेव्हापासून दुकान बंद झालं की भाऊजी हातपाय धुऊन समोरच्या खोलीत पोतं उलटं करून बसू लागले. त्यांच्या जोडीला दादाराव. दादाराव नगरपालिकेत नळाचे वॉल उघडायच्या आणि बंद करायच्या कामावर आहेत. माणूस शांत, जय भीम घालून आत येणार, चहा घेणार आणि मग दोघंही मांडी घालून रंग निवडत बसणार. भाऊजींनी बसस्टँड केला, त्यात पानठेला, पानठेल्याला उघडणारी खिडकी. दादारावांनी पाण्याची टाकी केली. ती टाकी करताना ते इतके रमले की गल्लीचा वॉल बंद करायचंच राहून गेलं आणि घरोघरचे हंडे, टाक्या, बादल्या भरून पाणी रस्त्यावर आलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका उर्मिलेला सांगून गेल्या, दादारावभाऊंना आणखी ठोकळे आणून द्या.

एका शनिवारी आम्ही जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो. आरतीचं ताट पुढे आलं, भाऊजींनी डोळे मिटले, खिशात हात घातला आणि ताटात एक पिवळा ठोकळा ठेवला. पुजाऱ्यानं ठोकळ्याकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि तो परत त्यांच्या हातावर ठेवला. मी शरमेनं खाली पाहत होतो. भाऊजी मात्र परतीच्या रस्त्यावर खूश होते. तो ठोकळा ते आठ दिवस शोधत होते.

मी त्यांना एकदा तोंडावर विचारलं, की भाऊजी, या वयात हे काय लावलं आहे. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"वामनराव," ते म्हणाले, "मी जन्मभर लोकायचं मोडलेलं जोडून देऊन राहिलो. हे आधी मोडलेलं नसते."

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मला राग आला. मला उत्तर सुचलं नाही की राग येतो, हे माझ्या कापडदुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही माहीत आहे.

पण घर उर्मिलेचं होतं आणि उर्मिलेचे पाय अनवाणी होते. रात्री पाणी प्यायला उठलं की ठोकळा, तुळशीला पाणी घालायला गेलं की ठोकळा. ज्याच्या तळव्याखाली तो आलेला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. तरी तिनं बरेच दिवस सोसलं. शेवटी राखीपौर्णिमेला मी तिच्याकडे गेलो. तिनं पालक घातलेली डाळभाजी केली होती, जी ती फार चांगली करते. दुसऱ्याच घासाला माझ्या दाढेखाली काही तरी कडकन आलं. डाळभाजी हिरवी आणि ठोकळाही हिरवा, दिसणार कसा? भाऊजींनी स्वयंपाकाच्या ओट्यावर रंग निवडले होते.

मी दाढ धरून बसलो. उर्मिलेनं तो ठोकळा धुतला आणि भाऊजींच्या ताटात ठेवला.

"आता बस झालं," ती म्हणाली. "उद्या हे सगळं पोतं गल्लीतल्या शाळेत जाईन. पहिलीच्या पोरायले खेळू द्या. ज्याचं त्याले शोभते."

भाऊजींचा चेहरा पडला. मी हसायच्या तयारीत होतो, पण तो चेहरा पाहून हसू आलं नाही. मोठ्या माणसाकडून कोणी खेळणं काढून घेतं तेव्हा त्याला रडायचीही सोय नसते.

"पंधरा दिवस दे," ते हळूच म्हणाले. "पोळा होऊ दे. मी बैल करतो. तान्ह्या पोळ्यात तो तोरणापासून मारुतीच्या देवळापर्यंत उभा गेला त ठोकळे घरात राहतीन. मधातच पडला त मी सोता शाळेत नेऊन देतो, अन पुन्हा नाव घेत नाही."

"डिंपलची शपथ?"

"डिंपलची शपथ."

"भाऊ, तू साक्षीदार हाय," उर्मिला मला म्हणाली. मी दाढ धरूनच मान हलवली.

तान्हा पोळा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा पोळा असतो. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत तोरणाखाली रांगेनं उभी राहतात, झडत्या म्हणजे बैलाची यमक जुळवलेली कवनं म्हणतात, तोरण तुटलं की देवळापर्यंत जातात आणि मग घरोघरी खाऊ गोळा करतात. त्याच दिवशी आमच्या पांढुर्ण्यात जांब नदीवर गोटमार असते आणि दोन्ही काठांवरून दगड येतात. माझ्या कपाळावर तरुणपणीची एक खूण आहे. ती पाहून पाहून बायको मला दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशीच सौंसरच्या बसमध्ये बसवून देते. त्यामुळे सौंसरचा तान्हा पोळा मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. त्यात मिशीवाला माणूस बैल घेऊन उभा असलेला मात्र पाहिला नव्हता.

त्या पंधरा दिवसांत मी सौंसरला जरा जास्तच फेऱ्या मारल्या. मला त्यात काही रस नव्हता. दुकानात मरून रंगाचं मखमल उरलं होतं, त्याची झूल होईल असं वाटलं, आणि माप घेतल्याशिवाय झूल शिवायची कशी? म्हणून एकदा माप घ्यायला गेलो. मग बैल थोडा फुगला म्हणून पुन्हा माप घ्यायला गेलो. शिंगांचा कोन चुकला होता तोही मीच दाखवला, कारण चूक दिसली की मला राहवत नाही.

बैल माझ्या मांडीपर्यंत आला होता. पाय लाल, पोट हिरवं, एक कान पिवळा आणि एक निळा, कारण पिवळे संपले. खाली एका जुन्या प्रवासी बॅगेची चाकं बसवली होती. वशिंडावरून भाऊजींचं आणि दादारावांचं भांडण झालं. दादारावांच्या मते वशिंड पुढे, खांद्यावरच पाहिजे, भाऊजींच्या मते थोडं मागे. निकाल लावायला दोघं मोहगाव रस्त्यावर जाऊन एका शेतकऱ्याच्या बैलाभोवती वितीनं मापं काढत बसले. तो शेतकरी घाबरला. त्याला वाटलं, नगरपालिकेनं बैलांवर काही नवीन काढलं.

"बैल इकायचा नाही हाय," तो म्हणाला.

"आमाले घ्यायचा नाही," दादारावांनी समजावलं. "आमाले फक्त तसा करायचा हाय."

हे ऐकल्यावर त्यानं बैल सोडून घरी नेला.

वशिंड अखेर दादारावांच्या म्हणण्याप्रमाणे खांद्यावर बसलं. मान, डोकं आणि शिंगं या सगळ्याचा भार त्या खांद्याच्या जोडावर आला. भाऊजींनी तिथे ठोकळे असे एकात एक अडकवले की मी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं तरी जोड हलला नाही. "हा खांदा जुवाले लागला तरी उतरणार नाही," दादाराव म्हणाले. ते खरंच होतं. बैलात काही दोष नव्हता, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पिशवी घेऊन पोचलो. भाऊजी दुकानात होते. घरात शिरलो तर लोणी कढवल्याचा वास येत होता आणि उर्मिला समोरच्या खोलीत बैलापुढे गुडघे टेकून बसली होती. हातात वाटी, वाटीत कोमट लोणी आणि हळद. पळसाचं पान त्यात बुडवून ती बैलाच्या खांद्याला लावत होती, वरून खाली, सावकाश, जसं लावायचं असतं तसं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सुजलेला खांदा शेकायचा, हळद-लोणी जिरवायचं आणि उद्या जेवायला ये म्हणून त्याला आवतण द्यायचं. घरात बैल आहे आणि खांद शेकली नाही, असं आमच्याकडे होत नाही.

मला पाहून ती थोडी ओशाळली.

"डोळे मोठे करून काय पाहून राहिला?" ती म्हणाली. "आपला मोत्या अन ढवळ्या गेल्यापासून या घरात खांद शेकली नाही कोणी. दिरानं ट्रॅक्टर घेतला, गोठ्यात पोते ठेवले. दर साली आजच्या दिवशी मी वाटी हातात घेऊन उभी राहतो अन परत ठेवून देतो. अवंदा बैल हाय त शेकू नको का?"

ती खरंच डोळे पुसत होती. मीही खाली बसलो. एक पान मी घेतलं आणि बैलाच्या दुसऱ्या बाजूनं लावलं. लोणी ठोकळ्यांच्या फटीतून आत जिरत होतं, आणि छान जिरतंय असंच आम्हा दोघांना वाटलं. खांदशेकणीत लोणी जिरलं पाहिजे, एवढंच आम्हाला लहानपणापासून माहीत. पण बटणं एकमेकांत घट्ट बसतात म्हणून उभ्या राहिलेल्या बैलाला लोणी कशाला पाहिजे, हा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मी कापडवाला आहे आणि ती गृहिणी. आमच्या डोक्यात बैल होता.

"उद्या जेवाले ये बाप्पा," तिनं बैलाच्या पिवळ्या कानात सांगितलं आणि वाटी उचलून आत गेली. जाताजाता तिनं फडक्यानं वरवरचं पुसून घेतलं, नवऱ्याला कळलं तर चिडवेल म्हणून. भाऊजी आले तेव्हा बैल जरा चमकत होता एवढंच. त्यांना वाटलं मी पॉलिश केलं, आणि त्यांनी माझे आभार मानले.

पोळ्याच्या दिवशी उर्मिलेनं त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवली. ऊन कडक होतं, समोरच्या खोलीवर पत्रे आहेत, आणि दोन दिवस लोणी आत आपलं काम करत राहिलं.

तान्ह्या पोळ्याला गल्लीत तोरण बांधलं होतं. त्याखाली पोरं रांगेनं उभी, कोणाच्या डोक्यावर फेटा, कोणाला काजळाच्या मिशा. सगळ्यांच्या शेवटी पांढरी टोपी घालून भाऊजी, आणि त्यांना मिशी काजळानं काढावी लागली नव्हती. त्यांच्या मागे दादाराव, बैलाचं शेपूट सांभाळायला. मंडळाचे अध्यक्ष केशवराव धोतराचा सोगा धरून आले आणि भाऊजींपुढे थांबले.

"बोडखे, हा लेकरायचा पोळा होय," ते म्हणाले. "तुमी कोठी उभे राहिले?"

"मोठ्यायनं उभं राहू नये असा नियम हाय काय?"

"नियम कायले लागते? समजाची गोष्ट हाय."

"मागच्या साली तुमचा नातू सा महिन्याचा होता," भाऊजी शांतपणे म्हणाले. "त्याच्या नावाचा बैल कोणं ओढला होता? नातू त घरी पाळण्यात झोपला होता. बक्षीसही तुमीच घेतलं, स्टीलचा डबा."

पोरांनी माना वळवून केशवरावांकडे पाहिलं. केशवरावांनी सोगा सोडला, बैलाकडे पाहिलं, वाकून त्याचा निळा कान थोडा सरळ केला आणि पुढे गेले. दोन पावलं जाऊन परत आले.

"वशिंड बरं जमलं," ते म्हणाले.

झडत्यांची वेळ आली. पोरांनी आपापल्या म्हटल्या. भाऊजींची पाळी आली तेव्हा गल्ली गप्प झाली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहावं का, असा विचार करत होतो. त्यांनी घसा साफ केला.

"लाल त्याचे पाय अन पिवळा एक कान,
चारा नाही, पाणी नाही, तरी ताठ मान,
शेण नाही टाकत हा, हेच त्याचं दान,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळी गल्ली महादेवाच्या नावानं ओरडली. उर्मिला बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून उभी होती. ती हसत होती की रागावली होती, हे मला तिथून कळलं नाही.

तोरण तुटलं. पोरांचे बैल खडखडत सुटले आणि त्यांच्या मागून आमचा. चाकं चांगली चालली. झूल शोभत होती, हे मी केवळ शिवली म्हणून म्हणत नाही. पिठाच्या चक्कीपुढे रस्त्यात एक गतिरोधक आहे, तिथे दादारावांनी आणि मी बैल दोन्हीकडून अलगद उचलून पार केला. उचलणं नियमात बसतं का, हे साक्षीदारानं ठरवायचं होतं. साक्षीदाराचे दोन्ही हात बैलाच्या पोटाखाली होते. समोर मारुतीचं देऊळ दिसू लागलं. भाऊजी दोरी धरून पुढे चालले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मला मनापासून वाटलं की जावा हा बैल, एवढा जावा.

देवळाच्या पायरीपासून घराच्या अंगणाएवढं अंतर राहिलं असेल. बैलाची मान सावकाश खाली यायला लागली.

"पाहा पाहा, चारा खाऊन राहिला," कोणीतरी म्हणालं.

लोकांना वाटलं गुणवंतानं काही युक्ती बसवली आहे. टाळ्या पडल्या. मान आणखी खाली आली. टाळ्या वाढल्या. भाऊजींनी मागे वळून पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, कारण मान हलायला नको होती. मग वशिंड खांद्यावरून घसरलं, एकदम नाही, दह्याच्या कवडीसारखं सरकत, आणि त्याच्यामागून मान, डोकं, शिंगं, पुढचे दोन्ही पाय. माझी झूल रिकामी खाली पडली. ठोकळे रस्त्यावर पसरले आणि टाळ्या थांबल्या.

भाऊजी खाली बसले. त्यांनी एक ठोकळा उचलला आणि तो त्यांच्या बोटांतून निसटला. दुसरा उचलला, तोही निसटला. त्यांनी बोटं पाहिली. ती पिवळी झाली होती. त्यांनी बोटं नाकाशी नेली. हळद-लोण्याचा वास ज्यानं जन्मभर दर पोळ्याला घेतला आहे त्याला तो ओळखायला किती वेळ लागणार? त्यांनी मान वर करून बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. उर्मिलेच्या तोंडावरचा पदर खाली आला होता आणि ती पांढरी पडली होती. मला वाटलं, आता हे बोलणार. मी साक्षीदार होतो, त्यांनी तक्रार केली असती तर मला त्यांच्या बाजूनं बोलावं लागलं असतं, आणि एक पान मीही लावलं होतं.

"काय झालं बोडखे?" केशवरावांनी विचारलं.

"वजन जास्त झालं," भाऊजी म्हणाले. "चाकही थोडं वाकडं होतं. चूक माहीच हाय."

ते बोलून त्यांनी ठोकळे झुलीत गोळा करायला सुरुवात केली. मग गंमत झाली. दादाराव बसले. पोरं बसली. आणि केशवराव, धोतरासकट, रस्त्यात मांडी घालून बसले आणि दोन लाल ठोकळे एकमेकांत बसवायला लागले. ते बसेनात, घसरत होते. "असे कसे हो हे," म्हणत ते तिसरा लावून पाहत होते. चक्कीवाला बाहेर आला. दोन बायका बसल्या. मारुतीपुढे अर्धी गल्ली रस्त्यावर बसून घसरणारे ठोकळे जोडत होती आणि कोणाचंच काही जमत नव्हतं. एका स्कूटरवाल्यानं भोंगा वाजवला, तर केशवरावांनी त्याला पलीकडच्या गल्लीतून जायला सांगितलं.

घरी आल्यावर भाऊजींनी संत्र्यांची एक रिकामी पेटी काढली आणि ठोकळे तिच्यात भरायला बसले. शपथ म्हणजे शपथ. बसस्टँड मोडला, पानठेला मोडला. दादारावांची टाकी त्यांनी हातात घेतली आणि ती मोडायचं काम दादारावांकडे दिलं. दादाराव ती तशीच मांडीवर घेऊन बसून राहिले. मला त्या वेळी वाईट वाटलं, ते मी लपवत नाही.

उर्मिला चहा घेऊन आली. कप ठेवले आणि तिथेच उभी राहिली.

"खांद मी शेकली," ती म्हणाली.

"ठाऊक हाय."

"मंग तिथं बोलले काहून नाही?"

भाऊजी पेटीत ठोकळे लावत होते, लहानांवर लहान, मोठ्यांवर मोठे.

"ढवळ्या गेला त्या सालापासून तू संध्याकाळी वाटी घेऊन उभी राहते, ते मी दुकानातून येता येता पाहतो," ते म्हणाले. "यंदा तुले खांद शेकाले भेटली. त्याले मी चूक कशी म्हणू? बैल पडला त पडला. बिनशेकल्या खांद्याचा नेला असता त मलेच बरं नसतं वाटलं."

उर्मिलेनं पेटी ओढून आपल्याकडे घेतली, आतले दोन ठोकळे उचलले आणि बोटांनी चोळून पाहिले.

"हे असे तेलकट शाळेत द्यायचे काय?" ती म्हणाली. "लोकं मले काय म्हणतीन? आधी धुवाव लागतीन."

"धू मंग."

"मी धुईन. माह्या हातानं झालं, मीच काढीन. लोणी पूर्ण निघाल्याशिवाय एकही ठोकळा घराबाहेर जाणार नाही. भाऊ, तू साक्षीदार हाय."

मी पुन्हा मान हलवली. साक्षीदार म्हणून मी या घरात फक्त मान हलवली आहे.

दिवाळीत भाऊबीजेला मी सौंसरला गेलो. गच्चीवर बाजेवर धोतर पसरून त्यावर ठोकळे वाळत घातले होते, कुरड्या घालतात तसे. मी विचारलं, शाळेत गेले नाहीत का अजून? उर्मिला म्हणाली, अजून वास येतो. मी एक ठोकळा उचलून नाकाला लावला. त्याला साबणाचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, तुझं नाक दाढेसारखंच झालं आहे.

खाली समोरच्या खोलीत बैल उभा होता. पूर्वीपेक्षा चांगला, वशिंड पक्कं. त्याच्या मागे कोपऱ्यात एक गोठा होता. लाल खुंटे, निळं छप्पर, पुढे गव्हाण, गव्हाणीत खऱ्या कडब्याची चिमूट. भिंती थोड्या वाकड्या होत्या. भाऊजींच्या हातच्या भिंती वाकड्या नसतात. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी डोळ्यांनीच स्वयंपाकघराकडे खूण केली.

"तू केला?" मी उर्मिलेला विचारलं.

ती पोळी लाटत होती. मान वर केली नाही.

"बैल हाय त गोठा नको काय? बाहेर कोठी बांधाव त्याले?" ती म्हणाली. मग लाटलेली पोळी तव्यावर टाकली. "भाऊ, तू माल आणाले इतवारीत जातच असशीन. किलोभर लाल आण माह्यासाठी. जोडीचा दुसरा बैल येईन, त्याले खुंटा कमी पडून राहिला."

पुढच्या सोमवारी मी इतवारीत गेलो. तीन किलो घेतले. एक तिला पोचता केला.